शोच्या सकाळी बदक ओलं का दिसतं?

दिवाळी सरली, पहाटे गारठा पडायला लागला, की पुण्याच्या आसपास कृषी प्रदर्शनांचे आणि पक्ष्यांच्या शोचे दिवस येतात. आणि दरवर्षी माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "ताई, काल दुपारी स्वच्छ धुतलं होतं. आज पिंजऱ्यात बघतोय तर पोटाखालचं सगळं चिकटलंय, पाठीवर ओल्या रेघा दिसतायत. अहो, पाण्यातला पक्षी पाण्यानंच कसा भिजतो?"

हा प्रश्न मलाही पडला होता. माझी पहिली पांढरी पेकिन जातीची बदक मादी शोला नेली तेव्हा आदल्या संध्याकाळी तिला लहान मुलांच्या शांपूनं आंघोळ घातली होती, पंच्यानं पुसून खोक्यात ठेवलं होतं. सकाळी ती पांढरीशुभ्र दिसत होती, म्हणून मी निर्धास्त. टेबलाशी परीक्षकांनी तिला उचललं, एक हात पोटाखाली नेला, बाहेर काढला आणि तळवा माझ्यासमोर धरला. तो ओला होता आणि त्याला मऊ लव चिकटली होती. "हिला थंडी वाजतेय," ते म्हणाले, "नंबराचं नंतर बघू. आधी हिला उबेत न्या." मी तिला शालीत गुंडाळून गाडीत जाऊन बसले. बदकाच्या अंगाची ऊब एरवी आपल्यापेक्षा जास्त असते, ४१ ते ४२ अंश, हाताला लगेच कळते. त्या दिवशी शालीतून नुसती थरथर लागत होती.

तेव्हापासून धायरीला घरामागच्या जागेत पेकिन, रनर, खाकी कॅम्पबेल या जातींची बदकं आणि मस्कोव्हीची एक जोडी सांभाळताना मी हा एकच विषय पुन्हा पुन्हा तपासत आले आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: बदकाला आपण स्वच्छ करत नाही, ते स्वतःला स्वच्छ करतं. आपण त्याला चांगलं पाणी, कोरडी जागा आणि पुरेसे दिवस द्यायचे. पाणी आणि जागा बहुतेक जण देतात. दिवस कोणी देत नाही, आणि तक्रार तिथेच उगवते.

आधी बदकाला तपासा

आमच्या टबाचं सांडपाणी जिथे जातं तिथे मी केळ आणि अळू लावलंय. कोणी बदक घेऊन आलं की मी आधी त्यांना अळूच्या पानावर ओंजळभर पाणी टाकायला सांगते. मग तेच पाणी बदकाच्या पाठीवर. चांगल्या पिसांवर पाणी अळवावरच्या पाण्यासारखंच वागतं, गोल थेंब होतात, घरंगळतात आणि मागे कोरडं पीस राहतं. थेंब पसरला, पीस गडद झालं, आत झिरपलं, की समजायचं बदक पाणी धरतंय.

पाठ बघून थांबू नका. पाठ सगळ्यात शेवटी बिघडते. हात पोटाखाली न्या, दोन मांड्यांच्या मधे, पंखाच्या खालच्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी. तिथे पिसांचे झुबके झाले असतील, मधून खालची लव किंवा कातडी दिसत असेल, तर पाठ कितीही चकाकू दे, बदक शोला तयार नाही. ही तपासणी शोच्या तीन आठवडे आधी करायची. आदल्या रात्री केली तर हाती काही उरत नाही.

पीस पाणी कसं अडवतं

आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं की बदकाच्या अंगाला तेल असतं म्हणून ते भिजत नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या माहितीमुळेच लोक पुढच्या चुका करतात.

टबाशेजारी पडलेलं एखादं पीस उचला आणि उजेडात धरून भिंगातून बघा. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या काड्या फुटलेल्या असतात. त्या काड्यांना आणखी बारीक काड्या, आणि त्यांना आकडे. ब्लाउजचं हूक जसं दुसऱ्या बाजूच्या फाशात अडकतं तसे हे आकडे शेजारच्या काडीत अडकलेले असतात. सगळं मिळून एक इतकी घट्ट वीण तयार होते की पाण्याचा थेंब तिच्यातून आत उतरू शकत नाही, वरच्या वर तरंगतो. खालच्या लवेत हवा अडकून राहते, ती बदकाला उबही देते आणि तरंगायला मदतही करते. बोटांनी पीस उलट दिशेनं ओढा, वीण उसवते. पुन्हा मुळाकडून टोकाकडे चिमटीत धरून ओढा, जुळून येते. बदक दिवसभर चोचीनं हेच करत असतं.

शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला जी तेलाची ग्रंथी असते, तिच्यावर चोच आणि डोकं घासून ते तेल सगळ्या अंगावर पसरवतं. त्या तेलानं पीस लवचिक राहतं, सुकून तुटत नाही, वीण टिकते. म्हणजे पाणी अडवण्याचं मुख्य काम विणीचं, तेल त्या विणीची राखण करतं. हे एकदा डोक्यात बसलं की आपण कुठे चुकतो ते आपोआप दिसायला लागतं. जे जे वीण चिकटवतं, भरून टाकतं किंवा तोडतं, ते बदकाला ओलं करतं.

साबण आणि बोअरचं पाणी

माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

धायरी, उंड्री, वाघोली, बावधन, शहराच्या कडेला कुठेही जा, घरात बोअर आहे किंवा दाराशी टँकर. आपल्याकडचा दगड काळा बसाल्ट, त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. असं जड पाणी कोणत्या घरात येतं ते गृहिणीला विचारावं लागत नाही. तूरडाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. या पाण्यात साबण मिसळला की क्षार आणि साबण एकत्र येऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बाथरूमच्या फरशीवर जो बुळबुळीत पांढरट थर बसतो ना, तोच. तो पिसांच्या विणीत जाऊन बसला की कितीही पाणी ओता, सुटत नाही. वरून बदक पांढरं दिसतं, आतून त्याच्या अंगावर फरशीवरचा थर असतो.

समुद्रात तेल सांडल्यावर माखलेल्या पक्ष्यांना वाचवणारे लोक याच कारणासाठी मुद्दाम मऊ केलेलं पाणी वापरतात, साधारण ४० अंशांपर्यंत कोमट, आणि धुण्याइतकंच लक्ष खळबळून काढण्यावर देतात. पिसांवरून थेंब गोल होऊन घरंगळायला लागेपर्यंत ते पाणी मारत राहतात. त्यांच्या पक्ष्यावर डांबरासारखं तेल असतं म्हणून त्यांना धुण्याचा साबण वापरावाच लागतो. आपल्या बदकाला चिखल आणि विष्ठा लागलेली असते, ती बहुतेक वेळा नुसत्या पाण्यानं जाते.

आता शांपूनं धुऊन बसलात आणि बदक पाणी धरतंय, तर काय करायचं? साबण पुन्हा लावायचा नाही. नळाचं पाणी मिळवा. खडकवासल्याच्या धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बोअरच्या मानानं पुष्कळ मऊ असतं. ते नसेल तर शेजारच्या घरून चार बादल्या मागून आणा, पुण्यात कोणी पाण्याला नाही म्हणत नाही. मनगटाला कोमट लागेल इतपत तापवा. दुपारच्या उन्हात, वारा नसलेल्या कोपऱ्यात, घमेल्यात बदक उभं करा आणि मगानं पाणी ओता. पिसांच्या दिशेनं, मानेकडून शेपटीकडे. उलट्या दिशेनं कधीही चोळू नका. पोटाखाली हात घालून पिसं अलगद सुटी करत पाणी जाऊ द्या. पहिल्या दोन बादल्यांचं पाणी गढूळ आणि बुळबुळीत निघतं, तिसरीत फरक कळतो. मग पंचा दाबून पाणी टिपा, घासू नका. नंतर कोरड्या तुसावर किंवा लाकडाच्या भुशावर मोकळं सोडा. ते लगेच चोच शेपटीकडे नेईल. तिथून पुढे त्याचं काम, आपण बाजूला व्हायचं.

एकदा असं केलं आणि रोज स्वच्छ पाण्याचा टब दिला, तर धड पिसांचं बदक साधारण तीन-चार दिवसांत पूर्ववत होतं. साका खोल बसला असेल तर आठवडा, कधी त्याहून जास्त. म्हणून माझ्याकडे नियम आहे: काही धुवायचंच असेल तर शोच्या दहा दिवस आधी, त्यानंतर साबण घरात आहे हे विसरायचं.

खोबरेल तेल

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण करणारा मायेनं करतो. मांजरी गावच्या एका काकांनी त्यांच्या रनर नराला शोच्या आदल्या रात्री पॅराशूटची बाटली ओतून मालिश केली होती. "पिसांना चमक येते, नातवाच्या केसांना लावतो तसंच." सकाळी तो नर बाटलीतून काढलेल्या बोळ्यासारखा दिसत होता. आकडे एकमेकांना चिकटले, वीण बुजली, लवेतली हवा गेली. तेल सांडलेल्या समुद्रात पक्ष्याचं जे होतं तेच त्या खुराड्यात झालं होतं. बाहेरचं तेल आणि बदकाचं तेल ही एक गोष्ट नाही. बदक चिमटीभर तेल पिसापिसाला लावतं, आपण वाटीभर ओततो.

तेल लागलंच असेल तर मात्र साध्या पाण्यानं ते निघणार नाही. इथे भांडी घासायच्या पातळ साबणाचे थोडे थेंब मऊ कोमट पाण्यात घालून धुवावं लागतं, मग वर सांगितल्यासारखं भरपूर खळबळून काढावं लागतं. आणि त्या शोचा विचार सोडून द्यावा लागतो. काकांनी सोडला.

याच कारणासाठी बदक उचलण्याआधी हात धुऊन पुसून घ्या. केसांचं तेल, हाताची क्रीम, भज्यांचा तेलकटपणा, सगळं पिसावर जातं. पांढऱ्या पेकिनच्या छातीवर बोटांचे ठसे मी पाहिले आहेत.

आंघोळीचं पाणीच नसतं

ही दुसरी मोठी अडचण, आणि इथे बदक आळशी नसतं, आपण त्याला संधी देत नाही. पुष्कळ जण कोंबड्यांचं भांडं बदकांपुढे ठेवतात. त्यात चोच बुडते, डोकं बुडत नाही. निदान डोळे आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील एवढं खोल भांडं चोवीस तास हवंच, नाहीतर डोळ्यांत चिकटा धरतो. पण पिसं राखायला तेवढं पुरत नाही. अंगावर पाणी पडलं की बदक पंख झटकतं, बाहेर येतं आणि मग तासभर पिसं विंचरत, तेल लावत बसतं. आंघोळ नाही तर विंचरणंही कमी.

मोठं तळं लागत नाही. दोनशे लिटरचं निळं पिंप आडवं कापून दोन टब होतात, कडा मात्र कानशीनं घासून गुळगुळीत करा, नाहीतर पायाचे पडदे फाटतात. वर चढायला विटांची पायरी. टब जाळीच्या चौकटीवर ठेवा, खाली खडी, म्हणजे उडालेलं पाणी खाली जाईल आणि बदक चिखलात उतरणार नाही. टबाभोवती चिखल असेल तर स्वच्छ टबाचा काही उपयोग नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या दोन पावलांत पोट पुन्हा माखतं. आमच्याकडे शोच्या आधीचे तीन आठवडे पाणी रोज सकाळी बदलतो. शेवटच्या आठवड्यात दुपारीही. बदकं पाण्यातच विष्ठा करतात, आणि शेवाळ धरलेल्या पाण्यात पोहणारं पेकिन पाच दिवसांत हिरवट पिवळं पडतं.

रात्री कोरडं अंथरूण. तूस चालतं, लाकडाचा जाडसर भुसा उत्तम. अंथरूण मुठीत दाबलं की पाणी सुटता कामा नये.

पिसंच तुटली असतील तर

इथे उपाय वाट पाहणं एवढाच आहे. पीस हे मेलेलं असतं, नखासारखं. एकदा झिजलं, तुटलं की दुरुस्त होत नाही, नवीन यावं लागतं. जुनी, कडा झिजलेली पिसं कितीही धुतली तरी पाणी धरतातच.

माद्यांच्या मानेवर आणि पाठीवर पिसं तुटलेली असतील तर कारण बहुधा नर आहे. एका नरामागे दोनच माद्या असतील तर तो त्यांना सोडत नाही, मान चोचीत धरून वर चढतो. शोची मादी दोन महिने आधी वेगळी काढा, सोबत दुसरी मादी द्या. एकटं बदक खात नाही, ओरडत राहतं आणि पिंजऱ्याला धडका देऊन उरलेली पिसंही घालवतं.

पिसं झडण्याचा काळ ओळखायला शिका. बदकं पंखांची लांब पिसं एकदम टाकतात, तेव्हा काही आठवडे पंख तोकडे दिसतात. रंगीत जातींचे नर काही काळ मादीसारखे मळकट दिसतात, ते आजारी नसतात. कातडीतून निळसर कोंब फुटत असतील तर त्या कोंबांत रक्त असतं. या दिवसांत बदक कमीत कमी हाताळा, कोंब मोडला तर रक्त येतं आणि त्याला दुखतं. हिवाळ्याच्या शोला न्यायचं बदक पावसाळ्यातच निवडा आणि त्याचं पीस कधी झडलं ते वहीत लिहून ठेवा.

उवा हे कारण बदकात कोंबडीपेक्षा कमी दिसतं. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं बाजूला करून बघा, पिवळट किडे पळताना दिसले तर पशुवैद्यकांना विचारून औषध करा. कुत्र्याचं औषध अंदाजानं टाकू नका.

खाण्यातून येणारी तक्रार

पिसं जवळपास सगळी प्रथिनांची असतात. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि शिळी पोळी खाऊन मोठं झालेलं बदक पोट भरलेलं दिसतं, पण त्याचं पीस ठिसूळ येतं. त्याशिवाय बदकाला नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. पिल्लांना दर किलो खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. फक्त कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय कधी कधी वाकडे होतात ते यामुळे, आणि वाकड्या पायाचं बदक परीक्षकासमोर चालूच शकत नाही. खाद्यात थोडं यीस्ट मिसळणं हा सोपा उपाय.

बुरशी धरलेला मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड बदकाला कधीही देऊ नका. त्यातल्या अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदक फार हळवं असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की आणि बदकाची पिल्लं दगावली, त्यामागे बुरशीची शेंगदाणा पेंडच होती. पावसाळ्यात गोदामात पडलेली पेंड स्वस्त मिळते म्हणून आणलीत, तर पिसांच्या आधी यकृत जातं.

पिवळा मका जास्त झाला की पांढऱ्या पिसांवर मलईसारखी झाक येते. पेकिनमध्ये हलकी झाक चालते, पण चोच मात्र छान नारिंगी हवी आणि तो रंगही खाण्यातूनच येतो. अंडी देणाऱ्या मादीची चोच फिकी पडते, रंग बलकात जातो. त्यामुळे मका बंद करू नका, प्रमाणात ठेवा आणि हिरवा पाला रोज द्या.

हातात धरण्यातला घोटाळा

इतकं सगळं करून लोक शेवटच्या पाच मिनिटांत पीस मोडतात, ते पकडताना. बदकाचा पाय कोंबडीसारखा नसतो. मांडीचा आणि घोट्याचा सांधा नाजूक, अंग जड. चांगला पेकिन नर चार किलोच्या पुढे जातो. त्याला पायाला धरून उचललं तर पाय निखळतो किंवा बदक आठवडाभर लंगडतं. पंखाला धरलं तर पंख दुखावतो. बाजारात कोंबड्या उलट्या टांगून नेतात ते बघून आपला हात तसाच जातो, तो थांबवायला हवा.

माझा भाचा नववीत आहे, तो पकडायला शिकला तेव्हा मी शेजारी उभी राहून त्याला सांगत होते. पळू नकोस. हात पसरून सगळ्यांना हळूहळू कोपऱ्याकडे ने, बदकं कळपानंच चालतात, एकाला वेगळं काढायला गेलास की सगळी उधळतील. आता बस खाली. दोन्ही तळवे एकदम दोन्ही पंखांवर, पंख अंगाशी मिटलेले. दाबू नकोस, फक्त उघडू देऊ नकोस. आता उजवा हात पोटाखाली, पाय बोटांच्या मधे येऊ देत. उचल. आता फिरव, डोकं तुझ्या कोपराच्या मागे, शेपटी पुढे, तुझ्या हातावर त्याचं वजन. "मावशी, हे तर शांत झालं!" डोकं काखेत गेलं की बहुतेक बदकं शांत होतात. शेपटी पुढे ठेवायचं आणखी एक कारण त्याला अर्ध्या मिनिटात कळलं, त्याच्या शर्टावरून.

मस्कोव्हीला मात्र लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे लागतात. त्यांची नखं अणकुचीदार, नराच्या अंगात ताकद भरपूर. बाकीच्या पाळीव जाती रानबदकापासून आल्या, मस्कोव्ही वेगळ्याच प्रजातीतली आणि दक्षिण अमेरिकेकडची, तिचा स्वभाव आणि पाय दोन्ही वेगळे. रनरला उचलताना मान उंच असल्यानं ती कुठे आपटणार नाही हे बघा. त्याला नाव 'इंडियन' लागलं तरी मूळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं आहे. तो उभा चालतो, म्हणून त्याला पिंजराही उंच हवा. कमी उंचीच्या पिंजऱ्यात रनर वाकून उभा राहतो, आणि परीक्षक तर त्याची उभी चालच बघायला येतात.

शोच्या महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी पाच मिनिटं बदक हातात घ्या, पंख उघडून बघा, पाय बघा, मिटवा, खाली ठेवा. शेवटच्या दहा दिवसांत रोज दोन तास शोच्या मापाच्या पिंजऱ्यात ठेवा. घाबरलेलं बदक जाळीवर छाती आपटतं आणि तुम्ही तीन आठवडे राखलेली पिसं तीन मिनिटांत फाटतात. मासे पकडायची जाळी, बारदान, दोरी यांतलं काहीच नको.

शोचा दिवस

आदल्या सकाळी शेवटचा टब. दुपारी बारानंतर आंघोळ नाही. रात्रीपर्यंत पिसं पूर्ण सुकलेली, विंचरलेली हवीत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, ओलं बदक त्या वाऱ्यात दुचाकीवर नेणं हा क्रूरपणा आहे.

खोकं प्रत्येकाला वेगळं, हवेला भोकं, खाली भुसा. वर्तमानपत्र घालू नका, बदकाचे पाय त्यावर घसरतात आणि फाकतात. निघण्याआधी दोन तास खाणं थांबवा, पाणी निघेपर्यंत असू द्या. विष्ठा कमी होईल. हडपसरचा किंवा चांदणी चौकाचा ट्रॅफिक लागायच्या आत पोहोचायचं, म्हणजे पहाटे निघायचं. पोहोचल्यावर ओल्या फडक्यानं चोच, पाय आणि नखं पुसा. तेवढंच. पिण्याचं भांडं अरुंद आणि खोल द्या, आणि पिंजऱ्याला तारेनं बांधा. पसरट भांडं दिलंत तर तुमचं बदक मोठ्या आनंदानं त्यात बसेल.

सकाळी पोटाखालच्या पिसावर थेंब टाकून बघा. पसरला, तर त्या दिवशी बदक घरी राहू द्या. आधीच पोहोचला असाल आणि तिथे भिजलेलं दिसलं, तर आयोजकांना सांगून नाव मागे घ्या. पंच्यानं टिपा, खोक्याच्या एका बाजूला दिवा लावून ऊब द्या आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं की त्याला सरकता येईल.

परत आल्यावर शोला गेलेली बदकं निदान तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. त्यांचं भांडं वेगळं, त्यांच्याकडे जायच्या चपला वेगळ्या, आणि काम करताना आधी घरची, शेवटी ती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ते आपल्याच राज्यात. बदक हा विषाणू स्वतः फारसं आजारी न पडता बाळगू शकतं, म्हणून दिसायला ठणठणीत बदकावर विसंबू नका. एकाएकी मरतूक झाली तर मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुसंवर्धन आयुक्तालय आणि रोगनिदानाची प्रयोगशाळा आपल्या औंधलाच आहे.

आणि मला फोन कराल तेव्हा चार गोष्टी हाताशी ठेवा: पाणी कुठलं, शेवटचं कधी आणि कशानं धुतलं, पीस कधी झडलं आणि पोटाखालच्या पिसावर थेंब कसा बसतोय. पाठीवरचा नका सांगू.